डिस्क कायमची बंद करायची का?

प्लस आणि मायनस ही चिन्हं मी आजवर दोनच ठिकाणी मानत आलो, गणिताच्या वहीत आणि टॉर्चच्या सेलवर. गणितात मी कधी चमकलो नाही, पण टॉर्चमध्ये सेल उलटा घातल्याचा माझ्यावर आरोप असेल तर तो करणाऱ्याने समोर यावं. त्यामुळे वसई स्टेशनजवळच्या कॉम्प्युटरवाल्याने काउंटरवर दोन चकचकीत चकत्या ठेवून "डीव्हीडी प्लस देऊ की मायनस?" असं विचारलं, तेव्हा मी कुठल्याही संसारी माणसाने दिलं असतं तेच उत्तर दिलं. म्हटलं, "प्लसच द्या. घरी मायनस कशाला न्यायचं?"

त्याने दिली. एका शब्दाने बोलला नाही की या चकत्यांमध्ये दोन पंथ आहेत, दोन्ही दिसायला सारखे, आणि एका पंथाचं यंत्र दुसऱ्या पंथाच्या चकतीला शिवत नाही. माझ्या घरचा डीव्हीडी रायटर कट्टर मायनसपंथी निघाला. डिस्क आत घातली. सॉफ्टवेअरने जरा विचार केला, ट्रे फाडकन बाहेर काढला आणि पडद्यावर इंग्रजीत निरोप झळकवला की घातलेली डिस्क कॉम्पॅटिबल नाही, कृपया योग्य डिस्क घाला. योग्य म्हणजे कोणती, ते नाही. मी एका सरकारी खात्याच्या आवक-जावक विभागात आहे. 'योग्य त्या कागदपत्रांसह पुन्हा सादर करावे' हा शेरा आमच्याकडे रबरी शिक्क्यात मिळतो. पण तो आपल्या घरात, आपण हप्त्याने घेतलेल्या यंत्राने, आपल्याच बायकोदेखत आपल्यावर मारावा याला मात्र माझी तयारी नव्हती.

"काय म्हणतंय?" वसुंधरेने विचारलं.

"दुसरी आण म्हणतंय."

"मग आणा की," ती म्हणाली. या घरात मला दिलासा असा मिळतो.

आता हा उद्योग मी कशासाठी काढला ते सांगायला हवं. माझे सासरे नरहरी, म्हणजे सगळ्यांचे नाना, सांडोरला राहतात. केळीची वाडी, तोंडलीचा मांडव, चार पेरूची झाडं आणि विहीर असा त्यांचा संसार. लीलाताई, माझ्या सासूबाई, आदल्या वर्षी गेल्या. गणपतीला आम्ही गेलो होतो तेव्हा जेवता जेवता नाना वसूला म्हणाले, "वसू, हल्ली मला तुझ्या आईचा आवाज आठवत नाही गं. चेहरा दिसतो. आवाज येत नाही."

वसू पटकन उठून स्वयंपाकघरात गेली आणि तितक्याच पटकन बाहेर आली, कारण ते स्वयंपाकघरही आईचंच. खरं तर म्हणूनच आमचं सांडोरला जाणं कमी झालं होतं. आम्ही राहतो त्या एव्हरशाईनहून सांडोर म्हणजे स्कूटरवर काही लांब नाही, मधे एक पूल आणि चार खड्डे. पण वसूला त्या घरात पाऊल टाकवत नव्हतं, आणि ती नाही म्हटल्यावर मी कोण जाणार? गणपती आणि दिवाळी, एवढ्यावर आलं होतं.

समोर कोणी डोळे पुसायला लागलं की माझ्या अंगात व्यवस्थापक संचारतो. मला रडता येत नाही, धीर देता येत नाही, मग मी काहीतरी जाहीर करून बसतो. त्या दिवशी मी जाहीर केलं, "नाना, आमच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आहे ना तुमच्याकडे? त्यात आईंचा आवाज आहे. मी त्याची डिस्क करून आणतो. पुढच्या रविवारी तुमच्या टीव्हीवर, तुमच्या प्लेअरवर, पाहिजे तेव्हा बघा."

कॅसेटला बुरशी आली होती. लग्नाच्या शूटिंगवाल्याने ती कशीबशी पुसून एकदाची माझ्या कॉम्प्युटरवर उतरवून दिली, आणि उतरवून संपताच फीत तुटली. म्हणजे लीलाताईंचा या पृथ्वीवरचा सगळा आवाज आता माझ्या कॉम्प्युटरच्या पोटात होता. तेव्हापासून मला झोप धड लागेना. घरात कोणी जोराने दार लावलं तरी मी जाऊन कॉम्प्युटरला हात लावून बघत असे.

आणि आवाज तरी किती? अख्ख्या लग्नात त्या कामातच आहेत. एकदाच हळदीच्या वेळी बायकांबरोबर गाणं म्हणतात, म्हणता म्हणता थांबतात, कारण नाना कॅमेऱ्याच्या आड येऊन उभे राहिलेले असतात. त्या ओरडतात, "अहो, बाजूला व्हा बघू! मांडवाला खांब कमी पडलेत का, मधेच उभे ते?" नाना घाईघाईने बाजूला होतात ते नेमके दुसऱ्या बाजूने कॅमेऱ्याच्या आड. एवढंच. वसूने ते आमच्या कॉम्प्युटरवर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती खळखळून हसली आणि मग बराच वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिली.

मायनस डिस्क आणली. सॉफ्टवेअरने ती मुकाट्याने ठेवून घेतली, लिहायला सुरुवात केली आणि शेवटी एक प्रश्न विचारला. डिस्क कायमची बंद करायची का? बंद केल्यास तिच्यावर पुढे काहीही लिहिता येणार नाही. खाली दोन चौकटी, 'हो' आणि 'नाही'.

मी पाहिलं, तर डिस्क निम्मी रिकामी होती. आमच्या घरात साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवतात. लग्नपत्रिकेची मागची बाजू कोरी असेल तर ती आधी फाडून ठेवतात आणि मग लग्नाला जायचं की नाही ते ठरवतात. अशा घरात वाढलेला माणूस निम्मी कोरी डिस्क कायमची बंद करील? उरलेल्या जागेत पुढेमागे आमच्या मुलाची मुंज सहज मावली असती. मी ठामपणे 'नाही' दाबलं. डिस्क आमच्या कॉम्प्युटरवर सुरेख चालली. मी ती रुमालात गुंडाळून, खिशात ठेवून रविवारी सांडोरला निघालो.

नानांचा प्लेअर म्हणजे कुठल्याशा प्रदर्शनात घेतलेला एक काळा डबा. मी डिस्क घातली. डबा आत घरघरला, खोकला, आणि हिरव्या अक्षरांत म्हणाला, 'नो डिस्क'.

अहो, डिस्क वाईट आहे म्हणा, माणूस गाढव आहे म्हणा. पण मी माझ्या या हाताने, चार माणसांदेखत डिस्क आत घातली आणि डबा म्हणतो डिस्कच नाही! मी काढली, पुसली, फुंकर मारली, पुन्हा घातली. नो डिस्क. उलटी घातली. नो डिस्क. एकदा नुसताच ट्रे आत ढकलला, तरी नो डिस्क. म्हणजे माझ्या डिस्कच्या असण्यानसण्याने त्याला काहीच फरक पडत नव्हता.

कुंपणापलीकडून क्लेमेंटीनमावशी आल्या होत्या. त्या नानांच्या शेजारीण. त्यांचा मुलगा फर्डिनंड कुवेतला असतो आणि दरवर्षी एक यंत्र पाठवतो. नानांशी त्या सांडोरच्या बोलीत बोलतात, जी मला इतक्या वर्षांत निम्मीच कळते, आणि नाना माझ्याशी बोलताना मात्र ठेवणीतली मराठी काढतात, जावयाला ताट वाढतात तशी.

"राहू द्या, आत्मारामराव," नाना म्हणाले. "तुम्ही एवढे कष्ट घेतलेत, हेच पुष्कळ." आणि त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. ते मला फार लागलं.

"ती चकती फेकू नको रे," मावशी मला म्हणाल्या. त्या माझ्याशी कधी ठेवणीतलं बोलत नाहीत. "मला दे. माझ्या पेरूवर पोपट बसतात. चमकतं त्याला भितात ते."

अशा रीतीने माझी पहिली निर्मिती पोपटांच्या खात्यावर जमा झाली. निघताना मी पायरीवर उभा राहून म्हटलं, "नाना, पुढच्या रविवारी." वसूने माझ्याकडे पाहिलं. पुढच्या रविवारी परत यायचं हे तिला नवीन होतं.

सोमवारपासून सल्ले सुरू झाले. समोरच्या फ्लॅटमधला सुजय औषध कंपनीत विक्रीचं काम करतो, त्यामुळे त्याला सगळ्याच विषयांत खात्रीने बोलायची सवय आहे. तो म्हणाला, "खानविलकरसाहेब, तुमचा प्रॉब्लेम स्पीडचा आहे. तुम्ही फुल स्पीडला बर्न मारलात ना? डेटा कच्चा राहतो. स्लो करा, एकदम स्लो. मग बघा, कुठल्याही प्लेअरला लागते."

हे मला पटलं. भातसुद्धा मंद आचेवरच नीट होतो. मी सॉफ्टवेअरमध्ये जाऊन सगळ्यात कमी वेग निवडला. पण मंद आचेला वेळ लागतो, आणि त्या वर्षी वसईत वीज हा प्रकार पाहुण्यासारखा होता. भारनियमनाचं वेळापत्रक वर्तमानपत्रात यायचं, ते कापून आम्ही फ्रिजवर लावायचो, आणि वीज वेळापत्रकात नसलेल्या वेळीच जायची. माझी डिस्क निम्मी लिहून होई, खोली अंधारी होई, आणि हातात आणखी एक चकती उरे. अशा तीन डिस्का पोपटांकडे गेल्या. नंतर मी मोजणं सोडलं.

"कॉम्प्युटरच उचलून न्या ना सांडोरला," सोसायटीचे सचिव शांताराम गावडे म्हणाले. तो माझा मॉनिटर पाट्यावरवंट्यापेक्षा जड होता, आणि तो मांडीवर घेऊन स्कूटरवर मागे बसायला वसू तयार नव्हती. नानांनाच आमच्याकडे आणावं, तर ते वाडीचं पाणी सोडून पूल ओलांडायला तयार नव्हते. आणि मुळात मी 'तुमच्या प्लेअरवर' असं म्हणालो होतो. शब्द म्हणजे शब्द.

मग मला सोसायटीचा जनरेटर आठवला. लिफ्ट आणि पाण्याच्या पंपासाठी तो तळमजल्यावर होता, आणि त्याची एक वायर सोसायटीच्या ऑफिसात येत होती. मी गावड्यांना म्हटलं, "एक तासभर त्यावर कॉम्प्युटर लावू द्या."

गावडे निवृत्त नाहीत, पण सचिव झाल्यापासून त्यांच्यात निवृत्त माणसाची शिस्त आली आहे. ते म्हणाले, "अर्ज द्या."

"गावडे, आपण एका मजल्यावर राहतो."

"म्हणूनच द्या. उद्या लोक म्हणतील, मजल्यावरचा म्हणून दिला."

अर्ज दिला. 'कारण' या ठिकाणी काय लिहायचं यावर मी बराच वेळ पेन चावलं आणि शेवटी जे खरं होतं ते लिहिलं, 'सासूबाईंचा आवाज'. कमिटीच्या सभेत तो अर्ज मोठ्याने वाचला गेला. एका सभासदाने विचारलं की जनरेटर हा सासूबाईंचा आवाज चालू करण्यासाठी आहे की बंद करण्यासाठी, कारण बंद करण्यासाठी असेल तर त्यालाही अर्ज द्यायचा आहे. सगळे हसले. मी आवक-जावकमधल्या चेहऱ्याने बसून राहिलो. दुसऱ्याने आक्षेप घेतला की आज सासूबाई म्हणून परवानगी दिली तर उद्या कोणी दळण घेऊन येईल. पण शेवटी ठराव मंजूर झाला, 'श्री. खानविलकर यांस रविवारी सकाळी नऊ ते दहा जनरेटर वापरण्यास विशेष बाब म्हणून परवानगी'.

रविवारी ऑफिसात अख्खी कमिटी हजर होती. बर्निंग म्हणजे नक्की काय होतं ते सगळ्यांना बघायचं होतं. मी मंद आचेवर सुरुवात केली. पडद्यावर निळी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. चहा आला. एका आजोबांनी ड्राइव्हला हात लावून "गरम लागतंय हो" असं जाहीर केलं. पट्टी नव्वदच्या पुढे गेली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या पट्टीवर प्रेम केलं. सत्त्याण्णव टक्के झाले, आणि जनरेटर बंद पडला.

बंद पडला नव्हता, बंद केला होता. गावडे खटका सोडून हात झटकत आले. "दहा वाजले," ते म्हणाले.

"गावडे! तीन टक्के राहिले होते!"

"ठरावात तीन टक्क्यांचा उल्लेख नाही."

त्या दिवशी मी सांडोरला मोकळ्या हाताने गेलो असतो, पण वसू म्हणाली, "नाना वाट बघत असतील." गेलो. सत्त्याण्णव टक्क्यांची डिस्क बरोबर नेली. लागली नाही हे सांगायला नकोच. नानांनी ती हातात घेऊन निरखली, सुतळीत ओवली आणि तोंडलीच्या मांडवाला बांधली. "ही चांगली चमकते हो," ते म्हणाले. वसू स्वयंपाकघरात गेली आणि या वेळी लगेच बाहेर आली नाही. आतून डबे उघडझाक केल्याचा आवाज येत होता.

मधल्या काळात मी एक उपप्रकरणही करून पाहिलं. दुकानदाराने सुचवलं की जुना प्लेअर आहे, तर डीव्हीडीचा हट्ट सोडा, साधी व्हीसीडी करा. केली. त्यासाठी सॉफ्टवेअरने मला असे काही प्रश्न विचारले, की नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा कोणी विचारले नव्हते. ती डिस्क नानांच्या डब्याने चक्क घेतली! टीव्हीवर मांडव दिसला. रंग गेलेले, चित्र वरखाली पळतंय, पण लीलाताई दिसल्या. ओठ हलत होते. आवाज मात्र नाही. मी बटणं दाबत सुटलो, टीव्हीला चापट्या मारल्या. नाही म्हणजे नाहीच.

नानांनी थोडा वेळ पाहिलं. मग म्हणाले, "लीला आणि गप्प? ही ती नव्हेच." आणि त्यांनी टीव्ही बंद केला.

मला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. मी एवढा आटापिटा करून त्यांना नेमकं तेच दिलं होतं जे त्यांच्याजवळ आधीपासून होतं, चेहरा.

दिवाळी अशीच गेली. दर रविवारी मी नवी डिस्क, नवा सल्ला आणि नवा अपमान घेऊन सांडोरला जात होतो. कोणी सांगे सोनेरी पाठीची घ्या, कोणी सांगे निळ्या पाठीची. ऑफिसात मला लोक 'काय खानविलकर, लागली का?' असं विचारू लागले, आणि बाहेरच्या माणसांचे भलते समज होऊ लागले. नानांचा चेहरा मात्र दर रविवारी जास्त जास्त उजळत होता. आम्ही पोचण्याआधी केळीची पानं धुऊन तयार, अळू चिरायला काढलेला, अंगावर इस्त्रीचा सदरा. माझ्या मनात आलं, म्हातारा माझ्या फजितीची मजा बघतोय. वसू संध्याकाळी फोन करायची तर कधी उचलायचे नाहीत. "वाडीत होतो," म्हणायचे. अंधारात वाडीत काय करतात, असं वाटायचं, पण तेव्हा माझं डोकं दुसऱ्या चक्रात फिरत होतं.

शेवटी चावी सापडली ती गावड्यांकडे. मी जिन्यात त्यांना टाळत होतो, त्यांनीच गाठलं. त्यांच्या मनाला ते तीन टक्के खात असावेत. "झालं का तुमचं?" त्यांनी विचारलं. मी सगळी कहाणी ऐकवली. आमच्या कॉम्प्युटरवर चालते, बाहेर चालत नाही.

गावडे गंभीर झाले. "क्लोज केली होती का?"

"काय?"

"कामकाज. आमची सभा झाली तरी इतिवृत्त वाचून, सही करून बंद केल्याशिवाय बाहेर कोणी ग्राह्य धरत नाही. आपापसात चालतं."

मला पडद्यावरचा तो प्रश्न आठवला. डिस्क कायमची बंद करायची का? डीव्हीडी पुरी लिहून झाली की तो प्रश्न आला होता आणि दर वेळी मी मुलाच्या मुंजीसाठी जागा राखून 'नाही' म्हटलं होतं. म्हणजे नानांचा डबा निर्दोष होता. त्याच्या लेखी उघडी डिस्क ही डिस्कच नव्हती. माझ्या काटकसरीने लीलाताईंचा आवाज अडवून धरला होता.

त्या संध्याकाळी वीज होती. मी पुन्हा लिहायला बसलो. प्रश्न आला. निम्मी डिस्क कोरी होती, आणि ती कायमची वाया जाणार हे बघून माझा हात खरोखर अडखळला. वसू मागे उभी होती. "अहो, दाबा," ती म्हणाली. मी डोळे मिटून 'हो' दाबलं.

गावड्यांकडे नानांसारखाच जुना काळा डबा होता. तिथे लावली. डबा घरघरला, खोकला, आणि मांडव उभा राहिला, रंगासकट. "अहो, बाजूला व्हा बघू!" लीलाताईंनी गावड्यांच्या हॉलमध्ये दम दिला, तसे गावडे स्वतःच दचकून बाजूला सरकले. वसूने माझा दंड घट्ट धरला. ते सगळं पुन्हा एकदा दाखवा असं गावडे अर्जाशिवाय म्हणाले.

रविवारी मी विजयी वीरासारखा निघालो. डिस्क प्लास्टिकच्या नव्या डबीत होती. वसू पुढे घरात गेली, मी कुंपणाशी स्कूटर लावत होतो. पलीकडे क्लेमेंटीनमावशी पेरूला पाणी घालत होत्या. सहज पाहिलं, तर त्यांच्या पेरूवर एकही डिस्क नव्हती. दोन पोपट मात्र मजेत बसले होते.

"काय मावशी, माझी चकती नाही लावलीत? पहिलीच तर तुम्हाला दिली होती."

"कशी लावू?" मावशी म्हणाल्या. "ती तर रोज लागते."

"कशाला?"

मावशींनी पाण्याची झारी खाली ठेवली आणि घराकडे एकदा बघून घेतलं. "बघ, मी बोलले म्हणून बोलू नको. तू दिलीस त्याच दिवशी मी ती माझ्या मशीनमध्ये घालून बघितली, फर्डिनंडने पाठवलंय त्याच्यात. ते काय पण खातं. लागली! मग मी नरहरीला हाक मारली. तेव्हापासून रोज येतो. संध्याकाळी, मी रोजरीच्या प्रार्थनेला बसायच्या आधी. सगळं लग्न नाही बघत तो. लीला ओरडते ना त्याला, तेवढंच. परत मागे घे म्हणतो, परत मागे घे म्हणतो."

माझ्या हातातली डबी मला एकदम जड वाटायला लागली. "मग मला सांगितलं का नाही? पुढच्याच रविवारी?"

"मी सांगणार होते. त्याने हात जोडले मला. म्हणाला, चकती लागली की जावयाचं काम संपलं. मग माझी पोर परत गणपतीलाच येणार."

सांगतो, मला आधी राग आला. भयंकर आला. तो अर्ज, ती सभा, ते सत्त्याण्णव टक्के, ऑफिसातली ती विचारपूस, सगळं डोळ्यांपुढून गेलं. दोन महिने मी हास्यास्पद झालो होतो, आणि हा माणूस इस्त्रीचा सदरा घालून माझी एक एक डिस्क सुतळीत ओवत होता! आत जाऊन खडसावायचंच, असं ठरवून मी पायरी चढलो.

स्वयंपाकघराच्या दारात नाना उभे होते. आत वसू पदर खोचून आईच्या मोठ्या पातेल्यात अळू ढवळत होती. कढीलिंब घ्यायला ती वळली आणि नानांवर आदळता आदळता वाचली. "नाना, बाजूला व्हा बघू!" ती ओरडली. "मधेच काय उभे!"

नाना घाईघाईने बाजूला झाले ते नेमके तिच्या वाटेत दुसऱ्या बाजूला. आणि असे हसले, की मी पायरीवरच थांबलो. माझा राग कुठे गेला ते मला शोधूनही सापडलं नाही.

"आलात? या, या," मला बघून ते म्हणाले. मग त्यांची नजर माझ्या हातातल्या नव्या डबीवर गेली. "आज नवीन दिसतेय."

"हो," मी म्हटलं. "आज लागायला हवी."

"हो का? वा." ते खुर्चीवर बसले. मी डिस्क घातली. डबा घरघरला. मी टीव्हीकडे पाहत होतो, पण काचेत मला नाना दिसत होते, आणि ते टीव्हीकडे नव्हे, माझ्या हाताकडे पाहत होते. दोन्ही हातांनी त्यांनी गुडघे घट्ट धरले होते. डबा खोकला. 'नो डिस्क' आलं नाही. हिरव्या आकड्यांत वेळ उमटली आणि पुढे सरकू लागली. आणखी एका श्वासात मांडव उभा राहिला असता.

मी बटण दाबून ट्रे बाहेर काढला.

"नाही लागत," मी म्हटलं.

वसू हात पुसत बाहेर आली होती. "असं कसं? अहो, गावड्यांकडे तर..."

"तो प्लेअर वेगळा, हा वेगळा," मी आवक-जावकमधल्या आवाजात म्हटलं. "कॉम्पॅटिबल नाही."

वसूने माझ्याकडे पाहिलं, मग नानांकडे. नानांचे हात गुडघ्यांवरून सुटले होते आणि चेहरा लग्नघरासारखा झाला होता. पदराने उगाचच पुन्हा एकदा हात पुसत ती म्हणाली, "बरं, मग पुढच्या रविवारी बघू. मी जरा लवकर येईन, मसाल्याचे डबे घासायचेत."

"हो, बघू, बघू," नाना म्हणाले. "घाई कसली? आणि आत्मारामराव, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. त्या विहिरीकडच्या केळीवर अजून पाखरं येतात. तिथे चार-पाच तरी लागतीलच."

मी ती सुंदर, कायमची बंद केलेली डिस्क त्यांच्या हातात ठेवली. ती बांधायला त्यांना कुठे जावं लागलं नाही. सुतळीचा तुकडा त्यांनी सकाळीच सदऱ्याच्या खिशात घालून ठेवला होता.